न सांगता दाबलेली बेल

थर्नबी, लिंकनशर
सोमवार, ५ फेब्रुवारी २०१८

प्रिय इसिल्डा,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप केला. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच शेगडीत टाकशील, अशी मला खात्री होती. एवढी लबाडी पदरात घे.

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. तरी ही बातमी तुला वर्तमानपत्रातून कळावी हे मला सहन होणार नाही. परवा शनिवारी तुरुंगात, सी विंगमध्ये, एक मुलगा गेला. ब्रॉडी स्केल्टन, वय चोवीस, ग्रिम्सबीचा. तू आपलं देखरेख मंडळ सोडल्यावर आला, त्यामुळे तुला आठवायचा नाही. गवंडीकामाच्या वर्कशॉपमध्ये होता आणि हात चांगला होता त्याचा. तिथल्या मास्तरांनी त्याने बांधलेली एक कमान पाडायची नाही म्हणून राखून ठेवलीय. सुटकेला साडेचार महिने राहिले होते.

त्याला दमा होता. शनिवारी बाराला नेहमीसारखी जेवणाची ताटं हातात देऊन सगळ्यांना कोठड्यांत बंद केलं. त्याचा पंप संपला होता आणि नवा सोमवारी, म्हणजे आज, मिळायचा होता. एक वाजून गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर एका अधिकाऱ्याला त्याच्या दारावरचा दिवा लागलेला दिसला. दार उघडलं तर तो दाराला टेकूनच बसलेला होता.

म्हणजे त्याने बेल दाबली होती, इसिल्डा. केव्हा दाबली ते अजून कुणी सांगत नाही.

मी आज सकाळी गेले. कमरेला किल्ल्या लावल्या आणि फाटकावर सही करताना तारीख दोनदा चुकवली. एकोणसत्तराव्या वर्षी हे काय, असं मी स्वतःलाच रागावले. विंगमध्ये एवढी शांतता मी नऊ वर्षांत ऐकली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या पिकरिंगने दाराच्या फटीतून हाक मारली. "मिस, किती वेळ लागला ते लिहिणार ना तुम्ही? का या वेळेलाही छान छानच लिहिणार?"

मी ऑफिसाकडे वळले. तिथे ड्यूटीवर गार्बट होता. "बसा लॉर्नाबाई, चहा टाकलाय," म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. मी बसले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आमचं फडकं कुठे गेलं?" आपण खूप वर्षांपूर्वी नाताळला दिलेलं, कॅथेड्रलचं चित्र असलेलं. ते तिथे भिंतीवर टांगलेलं असायचं. "धुवायला टाकलंय," तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

तुझं ते वाक्य मला पाठ आहे. "सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर बेल दाबल्यावर अधिकारी एक्केचाळीस मिनिटांनी आला. नियम पाच मिनिटांचा आहे." वार्षिक अहवालातून ते काढून अध्यक्ष या नात्याने मी लिहिलं, "बेलला मिळणारा प्रतिसाद साधारणतः समाधानकारक आहे." तीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी. मंद मुलांच्या आईबापांना प्रगतिपुस्तकं पाठवताना 'साधारणतः' या शब्दाने मला फार साथ दिलीय.

तू उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. फक्त हे तू वाचलंस एवढं कळलं तर बरं वाटेल.

लॉर्ना


थर्नबी
गुरुवार, २२ फेब्रुवारी २०१८

प्रिय इसिल्डा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, तरी दोनदा दारातल्या टपालाच्या झडपेपाशी जाऊन आले.

काल जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुझ्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. कोठडीतल्या मृत्यूंची चौकशी करणारी बाई लंडनहून आली आहे. बारीक चणीची, कुणाशीही जास्त न बोलणारी. तिने आम्हा सगळ्यांना सी विंगच्या ऑफिसात उभं केलं. गार्बट, दोन तरुण अधिकारी, तुरुंगाचा डेप्युटी गव्हर्नर आणि मी. माझ्या हातात चहाचा कप होता. नेहमीच असतो.

ती म्हणाली, "माझा सहकारी वर गेलाय. तो केव्हा बेल दाबेल ते मला माहीत नाही." मग आम्ही वाट बघत उभे राहिलो.

आणि तो आवाज आला. कसा सांगू तुला? कानात सुरी घातल्यासारखा. कोठडीतली बेल दाबली की ऑफिसातल्या पॅनेलवर वाजणाऱ्या बझरचा आवाज होता तो. मी एवढी दचकले की निम्मा चहा माझ्या शूजवर सांडला. तरुण अधिकाऱ्यांपैकी एकाने डोळे मिटून घेतले. गार्बट खिडकीबाहेर बघत होता.

चौकशीवाल्या बाईने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही दर आठवड्याला इथे येता ना? आवाज नवा वाटला?"

मी म्हटलं, "नाही, हात थरथरतो हल्ली."

हे मी का बोलले मला कळत नाही. चारशे वेळा तरी मी त्या ऑफिसात बसले असेन. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी ऐकलेला आवाज फ्रिजच्या घरघरीएवढा असायचा, गप्पा मारताना कळायचाही नाही. मला वाटायचं, बझर असाच असतो.

काल रात्रभर ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर होती. फडकं नेमकं कुठे टांगलेलं होतं ते मी कागदावर चित्र काढून बघितलं. पॅनेलच्या डाव्या बाजूला, बझरच्या जाळीवर. चार पदरी घडी करून, वरून दोन खिळे. खालून कॅथेड्रलचे मनोरे दिसायचे.

बझर कोंडायला त्यांनी आपलं फडकं वापरलं, इसिल्डा. आणि मी दर आठवड्याला ते बघून मनात म्हणायचे, बघा, आपली भेट यांनी किती हौसेने भिंतीवर लावलीय.

हे लिहून झाल्यावर मी उठून तोंड धुऊन आले. तरी अजून खरं वाटत नाही.

तुला आठवतंय का, तूच एकदा विचारलं होतंस. "ते फडकं तिथे का टांगलंय? कपबशा कशाने पुसतात मग?" मी हसून म्हटलं होतं, "अगं, आवडलंय त्यांना." तुला आधीपासूनच केक आणि फडकी देणं पसंत नव्हतं. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांनाच केक कसला द्यायचा, म्हणायचीस. मला तू तेव्हा रुक्ष वाटायचीस. खडूस म्हणाले होते मी तुला, पाठीमागे.

लॉर्ना


थर्नबी
शनिवार, १७ मार्च २०१८

प्रिय इसिल्डा,

आकडे आले. कॉम्प्युटरने बेलची वेळ नोंदवून ठेवली आहे. ब्रॉडीने बारा वाजून सतरा मिनिटांनी बेल दाबली. दार उघडलं एक वाजून नऊ मिनिटांनी. बावन्न मिनिटं. डॉक्टर म्हणतात, पहिल्या वीस मिनिटांत कुणी गेलं असतं तर तो वाचण्याची बरीच शक्यता होती.

सी विंगच्या सगळ्यांनी एकसारखाच जबाब दिला आहे, की बझर नीट ऐकू येतो, त्या दिवशी ऑफिसात कुणी नव्हतं, जेवणाच्या वेळेला माणसं कमी असतात. फडक्याचं नाव कुणीच काढलेलं नाही. ते आता कुठेच नाही. म्हणजे ते होतं हे सांगणारी बाहेरची अशी मी एकटीच. आणि तू.

आज सकाळी मी मळ्यात होते. बटाट्यासाठी चर खणत होते आणि गार्बट कुत्र्याला घेऊन फाटकाशी येऊन उभा राहिला. अठरा वर्षं त्या विंगवर आहे तो. माझा रॉजर गेला तेव्हा तोच फुलं घेऊन आला होता, हे तुला माहीत आहे.

"लॉर्नाबाई, तुम्ही चौकशीवाल्यांकडे परत जाणार असं ऐकलं."

"विचार करतेय."

"माझी एक गोष्ट ऐका. तो बझर दिवसभर बोंबलत असतो. एकाला साखर हवी, एकाला टीव्हीचा रिमोट, एकाला निव्वळ आमची खेचायची असते. साठ माणसं आणि खाली मी आणि एक नवखा पोरगा. डोकं फुटायची वेळ येते. दिवा दिसतो ना, दिव्याकडे बघत होतोच की आम्ही."

"बावन्न मिनिटं?"

 कुत्रं माझ्या कांद्यांत शिरलं तरी त्याला भान नव्हतं. मग म्हणाला, "ते फडकं कुणी आणलं होतं, हेही विचारतील हो. आम्ही कुणी तुमचं नाव घेणार नाही. तुम्हीही आमचं घेऊ नका. झालंच तर दोन वर्षांनी माझी पेन्शन आहे."

धमकी दिल्यासारखं नव्हतं ते. तो रडवेला झाला होता. मी फावडं तसंच टाकून घरी आले.

तुला एक सांगते, लाज वाटतेय तरी सांगते. पाच मिनिटं मी विचार केला की त्याचं बरोबर आहे. गप्प बसलं तर कुणाचंच वाईट होत नाही. मुलगा तर परत येत नाही. मग डोळ्यांसमोर त्याची आई आली. लिनेट तिचं नाव. ग्रिम्सबीला माशांच्या कारखान्यात आहे. तिला सगळे सांगताहेत की माणसं कमी होती, इलाज नव्हता. आयुष्यभर ती हेच धरून बसेल.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. तुझी निळी वही. त्यात एक्केचाळीस मिनिटांची नोंद आहे, तारखेसह. माझ्या वहीत नुसते चाळीस सेकंद आणि पन्नास सेकंद आहेत. का, ते तुला माहीत आहे. मी आधी ऑफिसात डोकावायचे आणि सांगायचे, "गार्बट, चौदा नंबरच्या रिकाम्या खोलीत बेल दाबतेय हं, उगाच धावपळ नको." मग ते दिव्याकडे बघत बसायचे आणि लगेच यायचे. न सांगता दाबणं मला असभ्यपणाचं वाटायचं, लोकांना चोरासारखं पकडल्यासारखं. तू न सांगता दाबलीस म्हणून मी तुला झापलं तेव्हा तू म्हणालीस, "लॉर्ना, मी पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला. पेशंट बेल दाबायच्या आधी चिठ्ठी पाठवत नाही." आणि किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेलीस.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

लॉर्ना


थर्नबी
रविवार, २७ ऑक्टोबर २०१९

प्रिय इसिल्डा,

वही मिळाली होती, गेल्या वर्षीच. सोबत चिठ्ठी नव्हती, तरी पाकिटावर तुझं अक्षर बघून मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसूनच राहिले. मला वाटलं होतं तू जाळून टाकली असशील.

एक्केचाळीस मिनिटांच्या ओळीखाली तू पेन्सिलीने लिहिलं आहेस, "ऑफिसात बझर ऐकू येतो का? लॉर्नाला विचार." तू विचारलंही होतंस मला. "येतो की," असं मी चहा पीत सांगितलं होतं.

मी जबाब दिला. फडक्याचं सगळं सांगितलं. कुणी आणलं, कुठे टांगलं होतं, किती वर्षं मी ते बघत होते. वही दिली, तुझं वाक्य कुणी काढलं तेही सांगितलं. अध्यक्षपद सोडलं. मंडळात मला ठेवायचं का, ते लंडनचं मंत्रालय मृत्यूची कारणं तपासणाऱ्या कोरोनरचा निकाल लागल्यावर ठरवणार आहे. तोवर किल्ल्या आहेत. गार्बटला निलंबित केलंय. त्याची बायको परवा दुकानात मला बघून रांग सोडून गेली. चर्चमध्ये माझ्या बाकावर हल्ली मी एकटीच बसते.

पुढच्या मंगळवारपासून कोरोनरपुढे सुनावणी आहे, लिंकनला. मला बुधवारी बोलावलंय. तू यावंस असं म्हणत नाही. वेळ सकाळी दहाची आहे.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही आपण होऊन काही दिलं नाही.

लॉर्ना


लिंकन, स्टेशनसमोरचं चहाचं दुकान
बुधवार, ६ नोव्हेंबर २०१९

इसिल्डा,

तू शेवटच्या ओळीत बसली होतीस. निळा कोट. मी वळून बघेपर्यंत तू निघून गेलीस. म्हणजे तू सगळं ऐकलंस, आणि मला आता तुझ्यापासून काही लपवायचं उरलं नाही. तरी मी लिहिणार, कारण तिथे मी नुसतं वाचून दाखवलं, बोलले नाही.

ब्रॉडीने जानेवारीत माझ्या पेटीत अर्ज टाकला होता. विंगवरच्या त्या लाल पेट्या, ज्यांची किल्ली फक्त मंडळाकडे असते. तुझ्यानंतर सी विंगची पेटी मीच उघडायचे. त्याचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. "मिस, मला दमा आहे. रविवारी बेल दाबली तर कुणी आलंच नाही, शेवटी माझं मलाच बरं वाटलं. बेल चालू आहे का जरा बघाल का."

मी बघितलं. म्हणजे नेहमीसारखंच, गार्बटला आधी सांगून. मग मंडळाच्या छापील कागदावर माझ्या चांगल्या पेनाने त्याला उत्तर लिहिलं. त्याची प्रत आमच्या फाइलमध्ये होती. गेल्या वर्षीच्या मार्चपासून मला माहीत होतं की ती तिथे आहे. मी फडक्याचं सांगितलं, वाक्याचं सांगितलं, आणि मनाची समजूत घातली की एवढं पुरे झालं. ही एकच गोष्ट मला माझ्याजवळ ठेवायची होती.

मूळ कागद त्याच्या आईकडे होता. त्याच्या सामानात, बायबलमध्ये घडी घालून ठेवलेला. तिच्या वकिलाने तो माझ्यासमोर धरला तेव्हा मला क्षणभर दिसेनासं झालं. तो म्हणाला, "हे तुमचं अक्षर आहे का? वाचून दाखवता का?"

तू ऐकलंस मी काय वाचलं. "प्रिय मिस्टर स्केल्टन, तुमच्या मजल्यावरची बेल मी स्वतः मंगळवारी तपासली. पन्नास सेकंदांत अधिकारी आले. यामुळे तुमची काळजी मिटेल अशी आशा आहे. आपली, लॉर्ना पेव्हरेल."

कोरोनरने चष्मा काढून विचारलं, "मिसेस पेव्हरेल, त्या दिवसापर्यंतच्या नऊ वर्षांत तुम्ही न सांगता किती वेळा बेल दाबलीत?"

"एकदाही नाही," मी म्हटलं.

तू गेल्यावर जे झालं ते सांगते. बाहेर व्हरांड्यात लिनेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असेल, हात कामाने लाल झालेले. मला वाटलं ती माझ्या थोबाडीत मारेल आणि मी ते खाऊन घ्यायला तयार होते. ती शांतपणे म्हणाली, "त्या आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता, आई, मिसनी स्वतः तपासलंय, बेल चालू आहे. म्हणून मी गप्प बसले. नाहीतर मी रोज तुरुंगात फोन करून त्या लोकांचं डोकं खाल्लं असतं. कुणीतरी वैतागून त्याच्याकडे बघितलं असतं."

मी सॉरी म्हटलं. आपल्याकडे धक्का लागला तरी म्हणतात तोच शब्द. तिने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही, आणि ती बस पकडायला निघून गेली.

मी तिचा मुलगा एकटा मारला नाही, हे मला कळतं. पण तिचं तोंड मी बंद केलं, इसिल्डा. चांगल्या अक्षरात.

समोर ठेवलेला चहा गार झालाय. प्यायचं मन होत नाही.

लॉर्ना


थर्नबी
शनिवार, ९ नोव्हेंबर २०१९

प्रिय इसिल्डा,

काल निकाल लागला. दुर्लक्षामुळे मृत्यू, असे शब्द ज्युरीने वापरले. मंडळाच्या तपासणीच्या पद्धतीवरही दोन ओळी आहेत. त्या माझ्याबद्दलच आहेत आणि बरोबर आहेत. सोमवारी मला किल्ल्या परत करायच्या आहेत.

म्हणून आज गेले. फाटकावर सही केली, सी विंगच्या ऑफिसावरून गेले, पण आत डोकावले नाही. तिथून आवाज आला, "लॉर्नाबाई, चहा?" मी नको म्हटलं. बहुधा पहिल्यांदाच. गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर चढले आणि ताटं वाटून दारं बंद होईपर्यंत थांबले. एकतीस नंबरची कोठडी रिकामी आहे. आत गेले, दार लोटून घेतलं. बारा वाजून सतरा मिनिटांनी बेल दाबली.

आत खाट, संडास, खिडकीला तीन गज. बेल दाबल्यावर आत काहीच ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं. दाबली की नाही तेच कळत नाही. नुसतं दाराकडे बघत बसायचं. दोन मिनिटांनी मी उठून कान लावला. चार मिनिटांनी परत दाबली. सहाव्या मिनिटाला मला घाम फुटला, आणि माझी छाती तर ठणठणीत आहे.

एक तरुण अधिकारी धापा टाकत आला. मला बघून भिंतीला टेकला. "बाई, आधी सांगायचं ना. किती घाबरलो मी."

मी त्याला म्हटलं, "घाबरलास ते बरं झालं."

तुझी वही मला कोर्टाकडून परत मिळाली आहे. तुझ्या शेवटच्या नोंदीनंतरचं पान कोरं होतं. त्यावर आजची तारीख घातली, विंग, मजला, कोठडी, वेळ लिहिली. पुढे लिहिलं, न सांगता. नियम पाच मिनिटांचा आहे. नऊ लागली. नऊच लिहिली आहेत. वही याच पाकिटात परत पाठवतेय, आणि या वेळी पत्ता हाताने लिहिलाय.

लॉर्ना